कॅन तुमचा, तुम्हीच भरा

माझ्या बायकोने सरकारला गाळलेलं पाणी दिलं. चार पदरी फडकं लावून, तुरटी फिरवून, हंड्यात निवळू देऊन. त्यावर गाव वर्षभर हसलं. आता ती नाही. ही गोष्ट मी स्वतः सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगितली की ती हसण्यावारी जाते, आणि मला ती तशी जाऊ द्यायची नाही.

मी तापीकाठचा भोई. शाळा चौथीपर्यंत, पुढे जाळं. लिहायचा सराव नव्हता, पण गेल्या वर्षभरात इतके अर्ज लिहिले की हात बसला. अर्जात दर दोन ओळींनी 'विनंती' लिहावी लागते. इथं तशी सक्ती नाही, म्हणून बरं वाटतंय.

आमच्या लहानपणी तापी वाहायची. उन्हाळ्यात पात्रात वाळू उघडी पडायची आणि त्या वाळूत आमची माणसं टरबुजं लावायची. मग खालच्या अंगाला बंधारा झाला, पाणी अडलं. आता गावासमोर जे आहे त्याला नदी म्हणायची सवय आहे म्हणून नदी म्हणतो. ते लांबच लांब, न हलणारं तळं आहे. बंधाऱ्याला मी शिव्या देणार नाही. त्याच्यामुळे शेजारच्या गुजर शेतकऱ्यांच्या केळी उभ्या राहिल्या, ऊस आला, आमच्या जाळ्यातही मासा वाढला. आणि उथळ काठावर गाळ साठला, त्यात गवत वाढलं, म्हणून थंडीत पक्षी यायला लागले. बदकं, लांब पायांचे, चमच्यासारख्या चोचीचे, कुठून कुठून.

पक्षी आले तसं वनखातं आलं. काठावर हिरवा बोर्ड लागला, त्यावर पक्ष्यांची चित्रं, आणि खाली अक्षरं: राखीव क्षेत्र, मासे मारण्यास मनाई. वाळलेल्या चिंचेपासून जुन्या घाटापर्यंतचा काठ आम्हाला थंडीचे चार महिने बंद झाला. एकदा वाऱ्याने माझं जाळं सरकत बोर्डाच्या आत गेलं तर वनरक्षकाने उचलून नेलं. सोडवायला तीन चकरा मारल्या. तरी मी भांडलो नाही, आणि त्याचं कारण माझी बायको. ती पक्ष्यांच्या बाजूची होती.

"त्या बी पाव्हनाच शेतस," ती म्हणायची. "चार महिना ऱ्हातीन, निंघी जातीन. तुम्हनं काय खातस?"

"मन्हा मासा खातस."

"तुम्ही बी त्यासनाच खातस."

तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही. चाळीसच्या वर वर्षं झाली होती आमच्या लग्नाला.

पाहुणा हा तिचा एक वेडेपणाच होता म्हणा. घरात कोणी आलं, मग तो लाईटबिल घेऊन आलेला का असेना, आधी पाणी. आणि ते पाणी हंड्यातलं, गाळलेलं, तुरटी फिरवलेलं, तांब्या राखेने घासून लख्ख केलेला. काठावर राहणाऱ्या आमच्या सगळ्याच बायकांची ही रीत. नदीचं पाणी गढूळ असतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि गढूळ पाणी पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे घराची लाज काढणं, हेही. मी नदीवरून आलो की थेट घाटावर ओंजळीने प्यायचो, तेव्हा ती तोंड फिरवायची.

ते ओंजळीने पिणं बंद पडलं त्याला आता काही वर्षं झाली. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला तापीला मिळतो. तो कुठून काय काय गोळा करत येतो ते मी सांगू शकत नाही. पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं मी लिहिणार नाही. शोधणं ज्यांचं काम आहे त्यांनी शोधावं. मी पाहिलं ते एवढं, की उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे पहाटे पाणी काळं येतं, काठाला हिरवी साय धरते, जाळं बुळबुळीत होतं, आणि पिंढऱ्यांना खाज सुटते. आणि मासा वर येतो. हे भोयाशिवाय कोणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. पाण्यात जीव उरला नाही की मासा पहाटे वर येऊन तोंड उघडतो, म्हाताऱ्याला दम लागतो तसा. ऊन वर आलं, वारा सुटला की साय पलीकडे सरकते, मासा खाली जातो, आणि दुपारी कोणी येऊन पाहिलं तर पाणी झकास दिसतं. साहेब लोक दुपारी येतात.

एका सकाळी बोर्डाच्या बरोबर खाली मेलेल्या माशांचा पट्टा लागला. त्यात चार बदकंही होती. मी वनरक्षकाला हाक मारली.

"बोर्डवर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"काका, वाचता येतं ना तुम्हाला."

"येतं. मासे मारायला मनाई लिहिलंय. मरायला मनाई लिहिलेली नाही, ती लिहून घ्या."

तो हसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, काका, काठ आमचा, पक्षी आमचे, पाणी आमचं नाही. पाणी पाटबंधाऱ्याचं. मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, आम्ही पाणी अडवतो आणि सोडतो, किती अडवलं ते विचारा, कसं आहे ते आमच्याकडे नाही. पंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाले, नाला आपल्या शिवेबाहेरून येतो, आपण फक्त घाट झाडतो. तपासणीची कचेरी तर दुसऱ्याच जिल्ह्यात. एकच पाणी, पण वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं, कडेचं तिसऱ्याचं. माझं जाळं बोर्डाच्या आत दहा पावलं गेलं तेव्हा मालक लगेच सापडला होता.

हीच तापी पुढे गुजरातेत सुरतेजवळ समुद्राला मिळते. मी समुद्र पाहिलेला नाही. पण तिकडच्या काठावरही माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल आणि हे कुठून आलं म्हणून विचारत असेल, आणि त्यालाही सांगत असतील की हे आमच्याकडचं नाही, वरून आलं. तेवढं त्यांचं खरं आहे.

तिथं पोस्टाने अर्ज टाकला, तो मात्र लागू पडला. तपासणी कचेरीतून एक माणूस जीपने आला, सोबत पेटी, पेटीत पांढरे कॅन. भरदुपारी आला. पाणी पाहून म्हणाला, ठीकच दिसतंय. मी म्हटलं पहाटे या. त्याला त्या दिवशी आणखी दोन तालुके करायचे होते. मग त्याने डोकं चालवलं. दोन कॅन काढले, एकावर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर गावाचं नाव घातलं, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिले.

"मावशी, पहाटे पाणी काळं आलं की एक भरून ठेवा. उद्या गाडी येऊन घेऊन जाईल. दुसरा राहू द्या, सांडलं तर असावा."

तिने आधी त्याला पाणी पाजलं. हंड्यातलं. तो तांब्याभर प्यायला आणि म्हणाला, मावशी, तुमचं पाणी गोड आहे. हे मला नंतर फार आठवलं.

दुसऱ्या पहाटे मी शहाद्याच्या बाजाराला मासळी घेऊन गेलो होतो. परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओट्यावर कॅन ठेवलेला, आणि ती बाजूला उभी, एखादी परीक्षा पास झाल्यासारखी.

"दख," ती म्हणाली, "काचसारखं शे."

तिने काय काय केलं ते सगळं सांगितलं. कॅनला औषधाचा वास येत होता म्हणून तो आधी गरम पाण्याने आणि राखेने धुतला. नदीवरून हंडा आणला. खरंच काळं होतं पाणी. मग चार पदरी फडकं, तुरटीचे फेरे, ऊन येईपर्यंत निवळू दिलं, आणि वरचं वरचं हलक्या हाताने ओतून घेतलं.

"घान पानी कसं धाडू? त्यावर आपला गावनं नाव लिखेल शे."

आता तुम्ही हसाल. हसा. पण मी काय केलं तेही ऐका. मी कॅन उचलला, उन्हात धरून पाहिला, आणि म्हणालो, झकास. मीसुद्धा. मी अर्ज करणारा, मी तीन कचेऱ्या फिरलेला, मला त्या घडीला एवढं सुचलं नाही की घाण दाखवायलाच तो कॅन आला होता. घरातून बाहेर जाणारी वस्तू चांगलीच जावी, एवढंच आम्हा दोघांच्या डोक्यात. गाडी आली, कॅन घेऊन गेली. दुसरा रिकामा कॅन तिने खुंटीला टांगून ठेवला, सरकारी वस्तू म्हणून.

कागद पंचायतीत आला तेव्हा ओट्यावर बरीच माणसं जमली होती. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं. पाणी चांगलं. तक्रारीत तथ्य नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

लोक उसळले. मी म्हटलं, असं कसं, काळं पाणी भरलं होतं ना. आणि ती म्हणाली, भरल्या माणसांत, पदर नीट करत:

"मीच भरं. गाळीसनी भरं."

आधी कोणाला कळलं नाही. मग शेजारचा गुजर शेतकरी, माझ्याच वयाचा, माझा जुना दोस्त, त्याला कळलं. त्याने मांडीवर थाप मारली.

"वहिनी, तुम्ही त सरकारले तापी गाळीसनी पाजी दिधी."

सगळा ओटा हसला. तीही हसली. म्हणाली, "मंग काय घान पाजू?" त्या दिवशी ते हसणं वाईट नव्हतं.

वाईट पुढे झालं. त्या उन्हाळ्यात माशांचे ढीग लागले. गुजराच्या पाण्याच्या मोटारीच्या जाळीत सडका मासा अडकला, केळीला पाणी देताना वास सुटला. आम्ही पुन्हा कचेरीत गेलो की समोर तो कागद यायचा. पाणी चांगलं आहे हो, तपासलंय. वनखात्याला विचारलं तर तोच कागद. पाटबंधाऱ्यात तोच कागद. इतकी वर्षं या लोकांचं एकमेकांशी जमत नव्हतं, ते तिच्या गाळलेल्या पाण्यावर जमलं. आणि गावातल्या हसण्याला धार आली. घाटावर बायका म्हणायच्या, हिला विचारा, हिच्या घरून पास होतं पाणी. ती घाटावर जायची बंद झाली. धुणं घरी धुवायला लागली.

आणि मग मी बोललो. जाळं काढून आलो होतो, जाळ्यात काही नव्हतं, हाताला खाज, आणि ती दारात तुरटी फिरवत बसलेली. मी म्हणालो, "तुन्ही तुरटीनी गाव बुडाई दिधं."

तिने तुरटी कोनाड्यात ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मला उलटून बोलली नाही, आणि मला तेव्हा वाटलं की मी जिंकलो.

त्या थंडीत भाकरी थापता थापता तिचा डावा हात लुळा पडला. नंदुरबारला नेलं. चार दिवस होती, वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले डोक्यातली शीर. पाण्याने मेली असं मी म्हणणार नाही. खोटं लिहायला माझ्याकडे सरकारी शिक्का नाही. त्या चार दिवसांत मी तिच्या उशाशी बसून होतो आणि बोललेला तो शब्द परत घ्यायचा होता, पण मला वाटलं बरी होईल, घरी नेऊन बोलू. आमच्यात शेवटी तोंडात तापीचं पाणी घालतात. मी दुकानातली बाटली फोडली. ते मी तिचं बघूनच शिकलो होतो, पाहुण्याला घाण पाणी द्यायचं नाही.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मुलगी मला न्यायला आली. तिला अक्कलकुव्याला दिली आहे. मी गेलो नाही. ग्रामसेवकांकडे गेलो आणि म्हणालो, तो कागद पुन्हा वाचा. पुरता वाचा, खालपर्यंत.

त्यांनी वाचला. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: नमुना क्षेत्र कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष घेतला.

"प्रत्यक्ष म्हणजे?"

"म्हणजे स्वतः. जागेवर जाऊन. स्वतःच्या हाताने."

मी म्हटलं, आणखी एकदा वाचा. मग समजलं. गाव वर्षभर जिला हसलं तिचं कागदावर नावच नव्हतं. कागदावर सरकारने स्वतः पाण्यात हात घातला होता. ती फक्त लाज काढायला होती. काम त्यांचं, सही त्यांची, आणि चूक तेवढी म्हातारीची.

मी अर्ज केला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या. पहिला कागद रद्द करा आणि तो का रद्द केला ते लिहा. आणि दुसरं, पाणी तुमच्या माणसाच्या हाताने भरा. जिल्ह्याच्या कचेरीत महिन्यातून एकदा लोकांचं ऐकून घेतात, तिथं गेलो. खुंटीवरचा रिकामा कॅन सोबत नेला. टेबलावर ठेवला. वनखातं, पाटबंधारे, तपासणीवाले, सगळे एका रांगेत बसलेले. प्रत्येकाने पुन्हा सांगितलं की आपलं काय नाही. मग मधले साहेब मला म्हणाले, आवाज मऊ करून:

"आजोबा, एवढं कशाला? कॅन तुमच्याकडे आहेच. पहाटे पाणी आलं की आहे तसं भरा, आम्ही मागवून घेतो. लगेच तपासू."

"नाही भरणार."

"का?"

"कॅन तुमचा आहे. तुम्हीच भरा."

"अहो, पण पहाटे पाच वाजता माणूस कसा पाठवू?"

"मासा पाचलाच वर येतो. त्याला कचेरीची वेळ ठाऊक नाही."

एक-दोघं हसले. साहेब हसले नाहीत. पुढच्याला बोलवा म्हणाले.

गाव माझ्यावर चिडलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. एक कॅन भरायचा, पाणी खराब निघेल, सगळ्यांचं भलं होईल. म्हातारा अडून बसलाय. गुजर दोस्त घरी आला. मी त्याला गाळलेलं पाणी दिलं. मला तिच्यासारखं जमत नाही, तुरटी जास्त होते.

"भरी दे ना भाऊ," तो म्हणाला. "मी भरू का?"

"तू बी नको भरू."

"का बरं?"

"आज तू भरशी, उद्या त्या म्हनतीन केळीवालानं शेन कालवं. चांगलं निघनं तरी आपनच खोटा, वाईट निघनं तरी आपनच खोटा."

त्याने तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग तांब्या खाली ठेवत म्हणाला, "वहिनीले मी हासनू व्हतू." एवढंच. पुढच्या महिन्यात तो माझ्यासोबत कचेरीत आला, आणि त्याच्या पुढच्याही.

मुलीचा फोन यायचा. "आबा, भरी द्या ना एकदाव. काय जास तुम्हनं?"

"मन्हं काय गयं ते तुन्ही मायले इचारतीस, ती ऱ्हाती तं."

ती रडायला लागली. मी फोन ठेवला. हे लिहिताना वाटतं, तिला तरी नीट सांगायला हवं होतं. आता सांगतो. पोरी, मी कॅन भरला असता तर पाणी खराब निघालं असतं, हे मलाही कळत होतं. पण मग गोष्ट अशी राहिली असती, की म्हातारीने चुकवलं आणि म्हाताऱ्याने दुरुस्त केलं. सरकार दोन्ही वेळा घरी झोपलेलं. तापीत हात घालायची पाळी सदा आमचीच. पकडायला आम्ही, झाडायला आम्ही, बोर्ड पाळायला आम्ही, आणि तपासायलाही आम्हीच असू, तर मग काठावर तो हिरवा पत्रा कोणाच्या नावाने उभा केलाय? एकदा, एकदाच, त्यांच्यापैकी एकाने पहाटे उठून तिथं उभं राहावं आणि तो वास घ्यावा. मला तेवढं पुरे होतं.

दर महिन्याला मी कॅन घेऊन जायचो आणि रिकामा परत आणायचो. एसटीत कंडक्टर ओळखायला लागला. कचेरीतला शिपाई मला बघून म्हणायचा, आले कॅनवाले बाबा. एकदा तिथल्या बाईंनी कॅन जमा करून घेतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, भरलेला जमा करा. मला कोणी हाकललं नाही, हे खरं सांगायला हवं. चहा दिला. पण चहा प्यायला मी जात नव्हतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला निरोप आला. माणूस येतो आहे. आदल्या संध्याकाळी आला, पंचायतीच्या खोलीत उतरला. तोच. जीपवाला, गोड पाणी म्हणणारा. मला बघून त्याने हात जोडले, मीही जोडले. मावशी कुठे आहेत असं त्याने विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ पेटीची कडी उघडझाप करत राहिला.

पहाटे आम्ही काठावर गेलो. मी, तो, गुजर दोस्त, आणि वनरक्षक, नाकाला रुमाल लावून. हिरव्या बोर्डाच्या खाली. पाणी काळं आलं होतं. साय काठाला लागून हलत होती आणि तिच्यात मासे तोंड उघडून उभे होते, एकाला एक लागून. तपासणीवाल्याने तो वास घेतला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढले, आणि पाण्यात उतरला. मी माझा कॅन त्याच्या हातात दिला. खुंटीवरचा.

तो वाकला. डाव्या हातात कॅन धरला, आणि उजव्या हाताने, अगदी हलक्या हाताने, वरची साय बाजूला सारली. एकदा, दोनदा. स्वच्छ जागा झाली तसा कॅन तिथं बुडवायला गेला.

मी बघतच राहिलो. तो शिकलेला माणूस. नोकरीच त्याची ती. घाण न्यायलाच आलेला. तरी हात आपोआप गेला, तिचा गेला तसा. भरायचं भांडं समोर आलं की माणूस आधी घाण बाजूला सारतो. त्याच्यात गावंढळपणा नव्हता, वेडेपणाही नव्हता. आणि मी तिला काय बोललो होतो.

"हात आवरा, साहेब," मी म्हटलं. "आहे तसं भरा."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ताठ उभा राहिला. मग दोन पावलं पुढे गेला, जिथं साय जाड होती तिथं, आणि कॅन बुडवला. भरताना बुडबुड आवाज झाला. बाहेर काढला तेव्हा कॅनच्या कडेला एक बारका मासा चिकटलेला होता. तो त्याने बोटाने सोडवून पाण्यात टाकला, आणि माझ्याकडे पाहिलं, हे चालेल ना, अशा नजरेने. मी मान हलवली.

काठावर येऊन त्याने चिठ्ठी लिहिली. गाव, वेळ, जागा. भरणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. मला वाचून दाखवलं. मी विचारलं, पहिल्या कागदाचं काय. त्यावरचं 'प्रत्यक्ष' कधी खोडणार.

"बाबा, त्याला वेगळा अर्ज करावा लागेल. माझ्या साहेबांकडे. मी लिहून देईन की तो नमुना मी घेतला नव्हता."

"लिहून देशील?"

"देईन."

"मग करतो अर्ज."

गुजर दोस्त म्हणाला, "आते तू मरालेबी अर्ज करशी." वनरक्षक रुमालातून हसला.

ते तिघे पेटीकडे वळले. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. ऊन यायला अजून वेळ होता, मासे तसेच वर. मला दुसरी कुठली जागा ठाऊक नव्हती म्हणून तिथंच, मुलीची आई म्हणून तिला जशी हाक मारायचो तशी मारून म्हणालो, "आंडेरनी माय, तुन्ही तुरटीनी काहीच बुडनं नही."

"बाबा, मला काही म्हणालात?" पेटीजवळून त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं झाकण नीट लावा."